जगात एकूण रोख रक्कम किती असेल? नोटा आणि नाणी धरून

परळकर

नमस्कार मंडळी. मी परळच्या एका ऑफिसात हिशेब खात्यात आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत एकाने विचारलं, जगातल्या सगळ्या नोटा आणि नाणी एका जागी आणली तर किती पैसे होतील? बराच वाद झाला, उत्तर कोणाकडेच नव्हतं.

मला बँक खात्यातले आकडे, शेअर, सोनं, जागा यातलं काहीही नको आहे. हातात धरता येते तेवढीच रोकड. नेटवर शोधलं तर एका ठिकाणी एक आकडा आणि दुसरीकडे त्याच्या कितीतरी पट. कोण काय धरून मोजतंय तेच कळत नाही.

आणखी दोन गोष्टी. यात भारताचा वाटा किती? आणि भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांकडे क्यूआर लागलेला असताना नोटा कमी होत चालल्यात की नाही? बँकेतलं कोणी असेल तर कृपया नीट सांगा.

कांदिवली_स्टेशनरी

बँकेतला नाही, पण दुकानाचं सांगतो. शाळा सुरू होतात त्या जून महिन्यातसुद्धा माझ्या गल्ल्यात आता पूर्वीच्या पाव हिस्साही नोटा नसतात. पाच रुपयांचं खोडरबर लोक स्कॅन करून नेतात. नोटा कमी झाल्याच असणार, माझ्या मनात शंका नाही. जगाचा आकडा मात्र मला माहीत नाही.

निवृत्त_रोखपाल_मुलुंड

परळकर, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. एका सरकारी बँकेत मी नोकरीची बहुतेक वर्षं रोख विभागात काढली, शेवटची काही करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा ठेवायच्या तिजोरीत. या विषयावर मला बोलायचंच आहे, तेव्हा थोडं लांबेल.

आधी मोजायचं काय ते ठरवू. चलनातली रोकड म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या ताब्यातून बाहेर पडलेल्या नोटा आणि नाणी. मग त्या कोणाच्या खिशात असोत, कपाटात साड्यांच्या खाली असोत किंवा शाखेच्या काउंटरवर असोत. नाशिकच्या छापखान्यातून निघालेली कोरी नोट रिझर्व्ह बँकेकडे पडून आहे तोवर ती छापलेला कागद आहे, पैसा नाही. हे आम्ही रोज हाताने करत होतो. करन्सी चेस्ट असते बँकेच्या इमारतीत, किल्ल्या असतात बँकेच्याच दोघा अधिकाऱ्यांकडे, एकट्याने उघडता येतच नाही. पण आतला साठा रिझर्व्ह बँकेचा. शाखांकडून आलेली जादा रोकड मोजून, निवडून आम्ही चेस्टमध्ये जमा केली की तेवढी रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या आमच्या बँकेच्या खात्यावर चढायची आणि त्या नोटा देशाच्या चलनातून वजा व्हायच्या. दुसऱ्या दिवशी शाखांना पाठवायला बाहेर काढल्या की पुन्हा चलनात. एका लोखंडी दाराच्या अलीकडे पैसा आणि पलीकडे साठा. देशात अशा अडीच हजारांहून जास्त चेस्ट आहेत, मुंबईत तर ठिकठिकाणी.

नेटवर आकडे वेगवेगळे दिसतात ते बहुतेक या व्याख्येमुळेच. कोणी फक्त नोटा-नाणी धरतो, तर कोणी बचत आणि चालू खात्यांतल्या ठेवीही त्यात घालतो. आपल्या देशातल्या बँकांमधल्या ठेवी दोनशे लाख कोटी रुपयांच्या वर आहेत आणि नोटा आहेत त्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा ठेवी मिसळल्या की आकडा फुगणारच.

आता जग. प्रत्येक देशाची मध्यवर्ती बँक आपापला आकडा जाहीर करते, बेरीज आपण करायची. आपला लाख कोटी म्हणजेच त्यांचा ट्रिलियन, त्यामुळे मांडणी सोपी जाते. अमेरिकेचे डॉलर साधारण 2.3 लाख कोटी. युरो 1.6 लाख कोटींच्या जवळपास, डॉलरमध्ये 1.7 धरा. चीनचे युआन 12 ते 13 लाख कोटी, म्हणजे पावणेदोन लाख कोटी डॉलर. जपानचे येन 120 लाख कोटींच्या वर, डॉलरमध्ये 0.8. आणि आपले रुपये मार्च 2025 अखेर 37 लाख कोटींना जरा कमी, एका डॉलरला 85 रुपये धरले तर 0.43 लाख कोटी डॉलर. ही पाच चलनंच सात लाख कोटी डॉलरच्या आसपास जातात. ब्रिटन, स्वित्झर्लंड, रशिया, दक्षिण कोरिया, मेक्सिको, ब्राझील, इंडोनेशिया आणि बाकी सगळे मिळवले की माझी बेरीज साडेआठ ते नऊ लाख कोटी डॉलरवर येते. विनिमय दर हलले की हीसुद्धा हलते, म्हणून दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवरून भांडू नये. नाण्यांचा भार रकमेत फार नाही, आपल्याकडे नोटांच्या साधारण एक टक्का.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर साडेआठ-नऊ लाख कोटी डॉलर, आणि दुसऱ्याचं शंभरात पाच. पण एवढं सांगून मी थांबले तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. रोकड नुसती रकमेत मोजू नका, नग मोजा. आमच्याकडे रजिस्टरमध्ये दोन रकाने असायचे, एक नगांचा आणि एक रकमेचा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय घरी जाता येत नसे. जगाच्या रोकडीची गोष्ट करताना लोक नगांचा रकाना सोडूनच देतात.

भारतात आज 15 हजार कोटींहून जास्त नोटा चलनात आहेत. अमेरिकेच्या सगळ्या नोटा, जगभर पसरलेल्या धरून, 5 हजार कोटींच्या थोड्या वर. युरोच्या 3 हजार कोटींच्या आतबाहेर. रकमेत आपण अमेरिकेच्या पाचव्या हिश्श्यालाही पोचत नाही आणि नगांत जवळपास तिप्पट आहोत. एका नोटेचं वजन एक ग्रॅमच्या आसपास असतं. आपल्या लहान नोटा किंचित हलक्या धरल्या तरी देशातल्या सगळ्या नोटा सव्वा ते दीड लाख टन भरतील. उलट सगळ्या जगाची रोकड शंभर डॉलरच्या नोटांत ठेवायची ठरवली तर 9 हजार कोटी नोटा पुरतील, वजन 90 हजार टन. एकट्या भारतातल्या नोटा त्याहून जड आहेत! माझा भाचा चर्चगेटला कामाला जातो, त्याला मी ओव्हल मैदानाचा हिशेब करून दाखवला. मैदान 22 एकरांचं. आपल्या देशातल्या सगळ्या नोटा गड्ड्या बांधून त्यावर एकसारख्या पसरल्या तर माणसाच्या उंचीइतका थर होईल. ढोबळ हिशेब आहे, पण ज्याने आयुष्यभर बंडलं उचललीत त्याला तो पटतो.

तिसरा प्रश्न. नोटा वाढल्या आहेत, आणि दुपटीने वाढल्या आहेत. 4 नोव्हेंबर 2016 ला, म्हणजे नोटाबंदीच्या चार दिवस आधी, चलनात 17.74 लाख कोटी रुपयांच्या नोटा होत्या. मार्च 2025 अखेर 37 च्या जवळ. याच काळात यूपीआय शून्यातून उभं राहिलं आणि 2024-25 या वर्षात त्यावर 18 हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. कांदिवलीच्या भाऊंनी गल्ल्याबद्दल जे सांगितलं तेही अगदी खरं आहे. मग या दोन गोष्टी एकत्र कशा?

त्याचं कारण असं की रोकड दोन कामं करते. एक, हातोहात फिरते. दोन, पडून राहते. यूपीआयने पहिलं काम बऱ्यापैकी काढून घेतलं, दुसऱ्याला हात लावलेला नाही. आजारपण, लग्न, गावच्या घराचं छप्पर, जागेच्या व्यवहारातला न दाखवलेला हिस्सा, या सगळ्यासाठी लोक नोटा ठेवतात, आणि महागाईबरोबर ठेवायची रक्कमही वाढत जाते. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने अंदाज काढला होता की युरोच्या नोटांच्या एकूण मूल्यातला पाचवा हिस्साच रोजच्या खरेदीविक्रीत असतो, बाकी साठवणीत किंवा युरोपबाहेर. जर्मनीचा मार्क 2001 संपता संपता बंद झाला. आजही हजार कोटींहून जास्त मार्क लोकांनी परत केलेले नाहीत. कुठल्या तरी पेटीत, पुस्तकात, जुन्या कोटाच्या खिशात असतील.

आपल्याकडे तर 500 च्या नोटेचा वाटा रकमेत शंभरात 86 आहे. नगांत मात्र चाळीसच्या आसपास. आणि 10 ची नोट नगांत शंभरात सोळा, रकमेत एक टक्कासुद्धा नाही. हे चार आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. पडून राहणारा पैसा कोणता आणि राबणारा कोणता, ते आपोआप कळेल.

परळकर

मॅडम, मनापासून आभार. नगांचा रकाना हा शब्द मी उद्याच ऑफिसात वापरणार. दोन शंका राहिल्या. एक, अमेरिकेचे लोक तर सगळं कार्डावर घेतात असं ऐकतो, मग 2.3 लाख कोटी डॉलरच्या नोटा आहेत कोणाकडे? दुसरी, नोटाबंदीच्या वेळी तुम्ही चेस्टमध्ये होतात का? तेव्हा नक्की किती नोटा आल्या?

वाहक_वडाळा

मी बेस्टमधून निवृत्त वाहक. मॅडमनी दहाच्या नोटेचं जे लिहिलं त्यावर माझं चार ओळींचं मत.

आमच्या वेळी सकाळच्या पहिल्या फेरीला बॅगेत सुट्टे नसले तर दिवस वाया. पाच रुपयांचं तिकीट आणि माणूस पुढे करतो शंभरची नोट, आणि अशी एका बसमध्ये वीस माणसं. तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची, उतरताना घ्या म्हणायचं, आणि उतरताना गर्दीत म्हातारी माणसं मागे राहायची. त्यांना शोधून पैसे देणं हे माझ्या मते वाहकाचं खरं काम होतं. संध्याकाळी डेपोत भरणा करताना ज्या नोटा हातात यायच्या त्या घामाने ओल्या, हळद लागलेल्या, मासळीचा वास असलेल्या. पाचशेची नोट कधी अशी दिसली नाही.

2025 च्या मे महिन्यात साध्या बसचं कमीत कमी भाडं पाचवरून दहा रुपये झालं. म्हणजे आता दहाची नोट हेच पूर्ण तिकीट. तरी तीच नोट मिळत नाही. माझी बायको बाजारात जाते ती आधी दहाच्या नोटा वेगळ्या काढून ठेवते. मोबाइल वापरणाऱ्यांना हे कळणार नाही.

निवृत्त_रोखपाल_मुलुंड

वाहक दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. तुमच्या डेपोचा भरणा ज्या कुठल्या बँकेत जायचा, तिथे माझ्यासारखंच कोणीतरी त्या ओल्या नोटा सुट्या करत बसलेलं असणार. हळदीचा डाग तर मी नुसता बघून ओळखायचे.

परळकर, डॉलरचं आधी. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचाच अंदाज आहे की त्यांच्या नोटांच्या मूल्यातला निम्म्याच्या आसपास हिस्सा अमेरिकेबाहेर आहे. ज्या देशांत स्वतःच्या चलनावर लोकांचा विश्वास उडाला तिथे माणसं डॉलर घरात ठेवतात. इक्वेडोर, एल साल्वादोर, पनामा यांच्याकडे तर रोजच्या व्यवहारातच डॉलर चालतो. आणि या सगळ्यात शंभरची नोट पुढे. 2017 पासून जगात एक डॉलरच्या नोटांपेक्षा शंभर डॉलरच्या नोटा संख्येने जास्त आहेत. एक डॉलरची नोट सहा-सात वर्षांत झिजते, शंभरची वीस वर्षांहून जास्त टिकते. टिकते, कारण ती हलत नाही. इथेही तेच, मोठी नोट झोपलेली आणि लहान नोट कामावर.

उलटं टोक स्वीडन. तिथे नोटा-नाणी मिळून देशाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास उरली आहेत. जपानमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास. दोन्ही श्रीमंत देश, दोन्हीकडे कार्डं, फोन, सगळं. तेव्हा रोकड जास्त म्हणजे देश मागासलेला असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपलं प्रमाण सध्या अकरा टक्क्यांच्या जवळपास आहे.

हो, नोटाबंदीच्या वेळी मी चेस्टमध्येच होते. 500 आणि 1000 च्या मिळून 15.41 लाख कोटी रुपयांच्या नोटा बाद झाल्या आणि त्यातल्या 15.31 लाख कोटींच्या परत आल्या, शंभरात 99 हून जास्त. शाखांमध्ये रांगा होत्या त्या सगळ्यांनी पाहिल्या. चेस्टमध्ये काय चाललं होतं ते बाहेर कोणाला दिसलं नाही. जुन्या नोटा आत येत होत्या आणि ठेवायला जागा नव्हती. नोटा ठेवायचे बिन, म्हणजे कप्पे, भरले, मग मधली वाट भरली, मग छतापर्यंत पेट्या लागल्या. नोट बाद झालेली, पण मोजणी एका नगाचीही चुकवून चालणार नव्हती, कारण ती रिझर्व्ह बँकेत पोचून तपासली जाईपर्यंत आमच्या सहीवर होती. नवीन 500 ची नोट आकाराने वेगळी, त्यामुळे एटीएममधले कप्पे बदलावे लागले, आणि 2000 ची नोट हातात घेऊन लोक विचारायचे, याची मोड कुठे मिळेल? तो प्रश्न मी विसरलेले नाही. देशात रक्कम पोचत होती, नग पोचत नव्हते. माझ्या सांगण्याचा सगळा अर्थ त्या एका प्रश्नात आहे. ज्या बाईचा रोजचा धंदा दोन हजारांचाही नाही तिला दोन हजारांची नोट देऊन काय उपयोग?

ती 2000 ची नोट पुढे मागे घेतली. 19 मे 2023 ला घोषणा झाली तेव्हा 3.56 लाख कोटींच्या होत्या, शंभरात 98 हून जास्त परत आल्या. उरलेल्या आजही कायदेशीर आहेत, फक्त दिसत नाहीत.

आता लहान नोटांच्या तुटवड्याबद्दल. दहाची नोट छापायला, काही वर्षांपूर्वीच्या आकड्यांनुसार, जवळपास एक रुपया लागतो. म्हणजे नोटेच्या किमतीचा दहावा हिस्सा छपाईतच जातो. पाचशेच्या नोटेला अडीच रुपयांच्या आत लागतात, तिथे तो खर्च जाणवतही नाही. शिवाय दहाची नोट लवकर मळते, लवकर फाटते, म्हणून पुन्हा पुन्हा छापायची. चेस्टच्या दृष्टीने बघा. एक लाख रुपये पाचशेत पाठवायचे तर दोन गड्ड्या, दहात पाठवायचे तर शंभर. तीच गाडी, तेच बंदूकधारी रक्षक, तेच मोजणारे हात. शाखाधिकारी मागणीपत्रात पाचशे लिहून मोकळा होतो. त्यात कोणाचा वाईट हेतू नाही, पण सोय सगळी मोठ्या नोटेच्या बाजूने आहे. म्हणून लहान नोटेसाठी कोणीतरी मुद्दाम उभं राहावं लागतं, आपोआप ती पोचत नाही.

थोडं या बाजूने झालं आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये बँकांना सांगितलं की सप्टेंबर 2025 अखेर शंभरातल्या 75 एटीएममधून निदान एका कप्प्यातून 100 किंवा 200 च्या नोटा मिळाल्या पाहिजेत, मार्च 2026 अखेर 90 मधून. मला हे फार चांगलं वाटलं. दहा-वीसचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण एटीएमवर त्या सहसा मिळत नाहीत, पण पाचशेची मोड मागत फिरणं तरी कमी होईल.

आणि मळलेल्या नोटांचं पुढे काय होतं ते मला कायम विचारतात, म्हणून इथेच लिहिते. शाखेत आम्ही नोटा दोन भागांत निवडायचो, पुन्हा देण्याजोग्या आणि मळक्या. ओल्या स्पंजची डबी शेजारी, डोळ्यांसमोरून एकेक नोट. पूर्वी गड्डीला पिना मारलेल्या असायच्या, त्या काढताना बोटं रक्ताळायची आणि नोटेलाही भोकं पडायची. 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने पिना बंद करून कागदी पट्टी आणली, त्या निर्णयाने आम्हा काउंटरवरच्या लोकांचं आयुष्य सुधारलं असं मी आजही म्हणते. मळक्या नोटा चेस्टमधून रिझर्व्ह बँकेत जातात. तिथल्या यंत्रात एका बाजूने नोट शिरते, खरी-खोटी आणि चांगली-मळकी तपासली जाते, आणि मळकी असेल तर आतल्या आत तिचा चुरा होतो. चुरा दाबून विटा करतात. वर्षाला 2 हजार कोटींहून जास्त नोटा अशा जातात आणि 15 हजार टनांच्या आसपास चुरा निघतो. पूर्वी तो जाळण्यात किंवा भरावात जायचा, आता त्यापासून फर्निचरचे बोर्ड बनवण्याचा विचार चालू आहे.

म्हणजे जगात रोकड किती, याला एक स्थिर उत्तर नाहीच. आज सकाळी एवढ्या होत्या, संध्याकाळी काही चेस्टमध्ये गेल्या, काहींचा चुरा झाला, नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनीहून काही नवीन निघाल्या.

कांदिवली_स्टेशनरी

मॅडम, मी वर लिहिलं होतं ते माझ्या गल्ल्यापुरतं होतं हे आता लक्षात आलं. पण खरी अडचण तुम्ही आणि वाहक साहेबांनीच काढली आहे. जे लोक अजून रोखीने घेतात त्यांना द्यायला माझ्याकडे सुट्टे नसतात. बँकेत मागितले तर "आले नाहीत" एवढंच सांगतात. बाजारात काही जण शंभरावर पाच-दहा रुपये जास्त घेऊन सुट्टे विकतात, ते मला द्यायचे नाहीत. शाळेतली मुलं वीसची नोट घेऊन येतात आणि मी चॉकलेट देतो, ते मलाच बरं वाटत नाही. काय करावं?

निवृत्त_रोखपाल_मुलुंड

भाऊ, चॉकलेट देऊ नका. त्या मुलाचे पैसे आहेत ते.

नोटांच्या मागे लागण्याआधी नाणी मागा. दहाचं, पाचचं, दोनचं नाणं शाखेतून नोटेपेक्षा लवकर मिळतं, कारण चेस्टमध्ये नाण्यांच्या पिशव्या पडून असतात आणि बँकेला त्या घालवायच्याच असतात. नाण्यांची एक पिशवी लोकांना वाटली की रिझर्व्ह बँक त्या बँकेला 65 रुपये देते, 2021 च्या आधी 25 द्यायची. म्हणजे शाखेने तुम्हाला पिशवी दिली तर ते उपकार नाहीत, तिचा फायदाच आहे. हे काउंटरवर नाही, शाखाधिकाऱ्याला भेटून सांगा, आणि तोंडी नको, अर्ज द्या: अमुक खातेदार, अमुक दुकान, दर पंधरवड्याला दहाच्या नाण्यांची इतकी रक्कम हवी. लेखी मागणी असली की चेस्टला इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवताना ती धरली जाते. तोंडी मागणी दुपारच्या गर्दीत विसरली जाते, हे मी आतून बघितलं आहे.

दहाचं नाणं चालत नाही असं कोणी म्हणालं तर मानू नका. त्याची चौदा वेगवेगळी रूपं निघाली, सगळी चालतात, हे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच जाहीर केलं आहे. कायद्याने एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत देता येतात. पन्नास पैशाचं नाणंही अजून कायदेशीर आहे, दहा रुपयांपर्यंत. पंचवीस पैसे आणि त्याखालची मात्र जून 2011 अखेर बंद झाली.

नोटा हव्याच असतील तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा पगार आणि पेन्शनची गर्दी असते आणि कोणालाच वेळ नसतो. पंधरा तारखेनंतर सकाळी उघडल्या उघडल्या जा. तुमच्याकडे फाटक्या, मळक्या दहा-वीसच्या नोटा साठल्या असतील तर त्याही घेऊन जा, त्या बदलून देणं प्रत्येक शाखेचं काम आहे, तिथे तुमचं खातं असायचीही गरज नाही.

आणि वाहक दादांसारखी माणसं जवळपास असतील तर विचारा. आमच्या मुलुंडच्या बाजारात एक फुलवाल्या ताई आहेत, त्यांच्याकडे संध्याकाळी दहाच्या नोटांचा ढीग होतो आणि त्यांना पाचशे हवे असतात, घरी न्यायला सोपे म्हणून. शेजारच्या मेडिकलवाल्याला सुट्टे हवे असतात. ते दोघं रोज रात्री आपापसात बदलून घेतात, एक रुपयाही जास्त न घेता. कांदिवली स्टेशनबाहेरही फुलवाले आणि वडापावच्या गाड्या आहेत. दुकान बंद करताना एकदा त्यांना विचारून बघा.